काळोख, निद्रा व पेशींचें आरोग्य

आमच्या अकोले तालुक्यांत भंडारदरा व पुरुषवाडी येथें मृगाच्या सुमारास हिरडा, बेहडा, सादडा इत्यादि वृक्षांवर काजवे चमकूं लागतात. मोटारींचे दिवे पडले कीं त्यांचे परस्परांस दिलेले संकेत बिघडतात, हें बालवाचकांस ठाऊक असेलच. परंतु काळोखाची गरज काजव्यांसच आहे काय? आपल्या देहासही ती आहे.

मेंदूच्या मध्यभागीं तुरीच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेली पिनिअल नांवाची ग्रंथि आहे. काळोख पडला म्हणजे ती मेलॅटोनिन नांवाचा स्राव रक्तांत सोडूं लागते. डोळ्यांवर उजेड पडला कीं तें काम मंदावतें. १९५८ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे डॉ. आरॉन लर्नर यांनीं गाईबैलांच्या सहस्रावधि ग्रंथींतून तें द्रव्य वेगळें काढिलें. हे होते त्वचारोगांचे वैद्य, आणि शोधीत होते बेडकाच्या कातडीचा रंग फिका करणारें द्रव्य! शोध पुष्कळदां असे आडवाटेनेंच लागतात.

तांबड्या रक्तपेशी सोडल्या, तर आपल्या जवळजवळ सर्व पेशींत मायटोकाँड्रिया नांवाचीं सूक्ष्म शक्तिगृहें असतात. भंडारदऱ्यास धरणाचें पाणी खालीं उतरतांना चक्र फिरवितें व वीज उत्पन्न होते. येथेंही तसेंच घडतें. प्रोटॉन नांवाचे कण एका पातळ पडद्यामागें सांचतात आणि परत येतांना एक अतिसूक्ष्म चक्र खरोखरच फिरवितात; त्यायोगें एटीपी हें पेशीचें इंधन तयार होतें. मात्र चूल पेटली म्हणजे ठिणग्या उडावयाच्याच. प्राणवायूचा उपयोग होतांना कांहीं उपद्रवी कण सुटतात व ते त्या यंत्रासच इजा करितात. मेलॅटोनिन असे कण निकामी करितें, असें प्रयोगशाळेंतील पेशींवर व प्राण्यांवर दिसून आलें आहे. मनुष्याच्या बाबतींत मात्र एवढा भक्कम पुरावा अद्याप नाहीं. यास्तव दुकानांतील गोळ्यांस अमृत मानणें आम्हांस साहसाचें वाटतें.

परीक्षेच्या दिवसांत मूल मध्यरात्रीपर्यंत दिव्याशीं व त्यानंतर अंथरुणांत मोबाइलशीं जागतें. उजेडानें स्राव लांबतो, त्याबरोबर झोंपही लांबते. शाळेची घंटा मात्र वेळेवरच होते. त्यांतून वयांत येणाऱ्या मुलांमध्यें हा स्राव स्वभावतःच उशिरां सुरू होतो. पालकांनीं सकाळीं न उठणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें. निजण्यापूर्वीं तासभर मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवावा, दिवा मंद करावा, आणि सकाळीं त्यास अंगणांतील उन्हांत बसवावें.