श्रोत्यांविना मैफल

लोकसंगीताचा प्राण गायक व श्रोते यांच्या सहवासात असतो. करोनाच्या साथीने नेमका हा सहवासच हिरावून घेतला. लोकगीतांच्या परंपरेतून पुढे आलेले अमेरिकेतील ज्येष्ठ गायक बॉब डिलन १९८८पासून सातत्याने दौरे करीत होते. २०२० मध्ये हे दौरे थांबले. पुढे १८ जुलै २०२१ रोजी, वयाची ८० वर्षे पूर्ण केलेल्या डिलन यांचा ‘शॅडो किंगडम’ हा कार्यक्रम इंटरनेटवरून प्रसारित झाला. रसिकांनी तिकीट काढून तो घरबसल्या पाहिला. तो मात्र आधीच चित्रित केलेला कृष्णधवल चित्रपट होता. वादकांच्या तोंडावर मुखपट्ट्या होत्या. तंत्रज्ञानाने गाणे घरोघरी पोहोचविले. श्रोत्यांची दाद मात्र गायकापर्यंत पोहोचू शकली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिलन पुन्हा श्रोत्यांसमोर उभे राहिले.