पाला कमरेएवढा, बटाटा गोटीएवढा

वाघोलीच्या आमच्या गटाकडून आज बटाट्याची गोष्ट.

आमच्यातल्या एकीचं माहेर मंचरकडचं. एका साली तिच्या भावाच्या शेतात पाला कमरेला लागला, पण सरी उकरली तर बटाटे गोटीएवढे! बियाण्याचा खर्चही निघाला नाही. युरिया जास्त पडला, उष्णता वाढली की असं होतं, हे आपण जाणतो. पण वर पाला वाढवायचा की खाली बटाटा पोसायचा, हे झाडाच्या आत ठरतं कसं?

पुण्यातल्या आयसर संस्थेत यावर काम झालं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. पेशीत जनुकांकडून निरोप निघतात, ‘हे प्रथिन बनव, ते बनव’. मायक्रोआरएनए म्हणजे एकवीस-बावीस अक्षरांची चिमुकली चिठ्ठी. ती जुळणाऱ्या निरोपाला चिकटते आणि त्याला अडवते. अशा चिठ्ठ्या प्रथम एका सूक्ष्म कृमीत सापडल्या. त्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.

बटाट्यात ‘१५६’ क्रमांकाची अशी एक चिठ्ठी आहे. संशोधकांनी ती झाडात मुद्दाम वाढवली, तेव्हा जमिनीखालचं उत्पन्न घटलं. दिवस लहान ठेवले, तर चक्क पानांच्या बेचक्यात बटाटे धरले!

आता एक चिठ्ठी कोणकोणते निरोप अडवते, हे शोधायचं कसं? बटाट्यात सुमारे ३९,००० जनुकं आहेत. इथे संगणक कामाला येतो. तो अक्षराला अक्षर जुळवून संभाव्य निरोपांची यादी काढतो. मग ती जनुकं कोणत्या कामाची, फुलोऱ्याची, पिष्टाची की वाढीची, हे नकाशांवर ताडून पाहतो. जपानच्या क्योतो विद्यापीठात असे नकाशे १९९५ पासून तयार होत आले आहेत.

पण बायांनो, पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणजे संसार सुखाचा होतोच असं नाही. तसंच इथे. संगणकाची यादी म्हणजे फक्त पत्रिका. खरं-खोटं झाडावरच कळतं. म्हणून आयसरच्या संशोधकांनी कलमं बांधून, रोपं वाढवून, बटाटे मोजून पाहिलं.

आपणही हेच लक्षात ठेवूया. उद्या कुणी ‘संगणकाने शोधलेलं’ बियाणं किंवा औषध दारी आणलं, तर आधी विचारायचं: “दादा, हे कुणाच्या शेतात, किती हंगाम लावून पाहिलं?” उत्तर पटलं, तरच गटाचे पैसे काढायचे.