कठोर रहस्यकथा आणि तिच्यातील धर्म

रहस्यकथा म्हटली की मराठी वाचकास बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) आठवतात. त्यांचे झुंजार व काळा पहाड कायद्याची चौकट ओलांडतात, परंतु दुष्ट कोण व सुष्ट कोण याविषयी तेथे संदेह नसतो. राऊ येथे हे टिपण लिहिताना मनात आहे तो प्रकार मात्र याहून निराळा होय.

त्यास इंग्रजीत ‘हार्ड-बॉइल्ड’ म्हणतात. उकडून कठीण झालेल्या अंड्यासारखा, असा शब्दार्थ. १९२० साली अमेरिकेत निघालेल्या ‘ब्लॅक मास्क’ मासिकात तो वाढला. डॅशिएल हॅमेट हा स्वतः पिंकर्टन संस्थेचा गुप्तहेर होता. त्याच्या मागून रेमंड चँडलर आला. मारामारी व पिस्तूल यांमुळेच कथा कठोर होते, असा समज आहे. तो अपुरा आहे. शेरलॉक होम्सच्या कथेत गुन्हा हा निरोगी समाजास झालेला अपघात असतो आणि उलगडा होताच घडी पूर्ववत् बसते. कठोर कथेत समाजच सडलेला असतो. पोलीस व नगरपिते विकले गेलेले असतात आणि रोजमुरा घेऊन काम करणाऱ्या खाजगी गुप्तहेरापाशी आपल्या वचनावाचून दुसरे काही नसते. बायबलच्या वाचकास हे जग अपरिचित नाही. शास्त्यांच्या पुस्तकातही प्रत्येकजण आपल्याला बरे दिसेल ते करीत होता.

धर्माशी थेट संबंध येतो तो हॅमेटच्या ‘द डेन कर्स’ (१९२९) या कादंबरीत. गॅब्रिएल नावाच्या तरुणीची अशी दृढ समजूत असते की मातृकुळाचा शाप आपल्या रक्तात आहे. ती मॉर्फिनच्या आहारी जाते व सॅन फ्रान्सिस्कोतील एका नवपंथाच्या मंदिरात आश्रय घेते. तेथील ‘साक्षात्कार’ म्हणजे खोलीत सोडलेला गुंगीचा वायू आणि प्रकाशाचे खेळ! पंथप्रमुख मूळचा नट. पुढे तो स्वतःलाच देव मानू लागतो. (खरा अपराधी कोण, हे वाचकाने स्वतः शोधावे.) निनावी गुप्तहेर हे ढोंग उघडे पाडतो, पण तेवढ्यावर न थांबता तिच्याजवळ राहून तिचे व्यसन सोडवितो आणि शाप खोटा असल्याचे तिला पटवितो. शापाच्या भीतीने धर्मगुरूकडे येणाऱ्या माणसांची ज्यास सवय आहे, त्याने ही प्रकरणे अवश्य वाचावीत.

चेस्टरटनचा फादर ब्राउन (पहिला संग्रह १९११) यांच्या शेजारी ठेवून पाहावा. पापांगीकार ऐकून ऐकून त्यास माणसाचे अंतःकरण कळते. गुन्हेगार पकडला जाण्यापेक्षा तो पश्चात्तापी व्हावा, ही त्याची तळमळ. त्याच्यामुळे पालटलेला दरोडेखोर फ्लँबो पुढे खाजगी गुप्तहेरच होतो. हॅमेटचा निनावी माणूस गॅब्रिएलला भयमुक्त करतो, पण क्षमा त्याच्या व्यवसायात बसत नाही. हाती घेतलेले काम पुरे करावे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळावे, एवढेच तो जाणतो.