एका तोळ्याची गोळी

पहाटे ५.३०

बिटररूट खोरं अजून काळोखात आहे. ऑक्टोबरचा पहिला शनिवार. माँटानात हरणं आणि एल्क यांच्या रायफल-शिकारीचा हंगाम तीन आठवड्यांवर आलाय. तो पाच आठवडे चालतो, थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो. त्या पाच आठवड्यांत मी फार तर दोन गोळ्या झाडीन. तरी आज वीस काडतुसं भरायची आहेत आणि त्यात अख्खा दिवस जाणार आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी. किती जनावरं मारायची ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, त्याप्रमाणे परवाने देतं, आणि मारलेल्या जनावराचं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. एल्क हा आपल्या सांबराचाच नातेवाईक, पण पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. एक नर मिळाला की आमच्या घरात वर्षभर दुसरं मांस आणावं लागत नाही.

सकाळी ६.१५

गॅरेजमधल्या बाकड्यावर दिवा लावला. उन्हाळ्यात झाडलेल्या पुंगळ्या डब्यातून काढल्या. काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की टोपी, दारू आणि गोळी जातात, पुंगळी तेवढी उरते. ती पुन्हा भरता येते, आणि या सगळ्या खटाटोपाचा पाया तोच आहे.

आधी प्रत्येक पुंगळी उजेडात फिरवून बघायची. बुडापासून थोडं वर चकचकीत वळं दिसलं, तर तिथे आतून पितळ पातळ झालंय. टोकाशी वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून ओढली की तिथे खाच लागते. अशी पुंगळी पुन्हा भरली तर बाराच्या वेळी दोन तुकडे होऊ शकते. आज अशा तीन निघाल्या. पक्कडीनं चेपून भंगारात टाकल्या, म्हणजे चुकून परत डब्यात जायला नकोत.

सकाळी ७.००

तोंडाला ताव द्यायचं काम. इथे मला सावंतवाडीचं आमचं सोनाराचं दुकान आठवतं. आप्पा सोनं ठोकायचे, ठोकता ठोकता ते कडक व्हायचं, मग ताव देऊन पुन्हा मऊ करायचे. पितळेचंही तसंच. दर बाराला पुंगळीचं तोंड फुगतं, साच्यात घातलं की पुन्हा आवळतं, आणि चार-पाच वेळा असं झालं की कडक होऊन चिरतं. म्हणून ज्योतीत काही सेकंद फक्त तोंड आणि त्याखालचा निमुळता खांदा तापवायचा. बूड मात्र तापता कामा नये. माझ्या .३०-०६ रायफलीच्या काडतुसात दाब ६०,००० पीएसआयपर्यंत जातो (मोटारीच्या चाकात तो ३५ च्या आसपास असतो), आणि तो सगळा पेलायला बुडाचं पितळ कडकच हवं. एकाच पुंगळीत वरचा भाग मऊ आणि खालचा कडक ठेवायचा, हे आप्पांना सांगितल्याबरोबर कळलं होतं. इथल्या कित्येक मित्रांना ते समजवायला मला कागदावर चित्र काढावं लागलं.

सकाळी ८.००

पुंगळीला मेणाचा हात लावून प्रेसमधल्या साच्यात दाबायची. मेण कमी पडलं तर ती साच्यात अडकून बसते. जास्त झालं तर खांद्यावर पोचा येतो. साचा असा लावायचा की खांदा दोन हजारांश इंच मागे जाईल. केसाच्या जाडीपेक्षाही हे कमी. जास्त मागे ढकलला तर पितळ दर वेळी ताणतं आणि ते चकचकीत वळं लवकर दिसू लागतं. पुरेसा मागे गेला नाही तर काडतूस बंदुकीत बसत नाही.

हे दुसरं माझ्या हातून घडलंय. पहिल्याच हंगामाआधी मी एका रात्रीत घाईघाईनं चाळीस काडतुसं भरली. साचा मध्येच सैल झाला आणि माझ्या लक्षात आलं नाही. नोव्हेंबरात एल्कची मादी समोर आली. पहिली गोळी जरा मागे लागली. दुसरं काडतूस आत ढकललं तर बंदुकीचा बोल्ट अर्ध्यावर अडला, पुढे जाईना, मागे येईना. ती उतारावरून झाडीत गेली. रात्री दहापर्यंत बर्फावर रक्ताचा माग काढला. सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर ती जिवंत होती.

तेव्हापासून मी रात्री काडतुसं भरत नाही आणि एका दिवसात वीसपेक्षा जास्त भरत नाही.

सकाळी ९.३०

पुंगळ्या पुसल्या, लांबी मोजली. कमाल २.४९४ इंच, त्याहून वाढलेल्या छाटल्या, तोंडाची धार आतून-बाहेरून मोडली. टोप्या हातातल्या चिमट्यासारख्या यंत्रानं बसवल्या. हे काम मोठ्या प्रेसवरही होतं, पण टोपी तळाला टेकल्याचं बोटांना कळावं लागतं, आणि लांब दांड्याच्या टोकाला ते कळत नाही. टोपी बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत हवी. इथल्या टोप्या बॉक्सर पद्धतीच्या. बॉक्सर हा इंग्रज होता, आणि युरोपात जी बर्डन पद्धत रुजली तिचा जनक बर्डन अमेरिकन. २०२०-२१ मध्ये टोप्यांचा इतका तुटवडा पडला की लोक शंभर-शंभर मोजून उसन्या देत होते.

सकाळी १०.१५

आता दारू. फोन घरात ठेवला. पंखा बंद, दार बंद, कारण वाऱ्याची झुळूक आली तरी काटा हलतो. बाकड्यावर दारूचा एकच डबा. वेगवेगळ्या दारू दिसायला इतक्या सारख्या असतात की नजरेनं ओळखणं अशक्य. एका डब्यातली चुकून दुसऱ्यात पडली तर दोन्ही फेकून द्यायच्या.

इथे मोजमाप ग्रेनमध्ये होतं, आणि पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला गेला. आप्पांच्या दुकानात राणीछाप रुपया पिढ्यान्‌पिढ्या वजन म्हणून वापरात होता. .३०-०६ मध्ये एल्कसाठी लोक वर्षानुवर्षं जी गोळी वापरत आले, तिचं वजन १८० ग्रेन. बरोबर एक तोळा.

आप्पांनी मला एक रुपया दिलाय, तो या बाकड्याच्या खणात असतो. एकदा काट्यावर ठेवला तर १७८ च्या आसपास भरला, हातोहाती झिजलेला. म्हणून काटा तपासायला मी प्रमाणित वजनंच वापरतो. शून्य बघायचं, वजन ठेवायचं, पुन्हा शून्य बघायचं.

दारू किती घालायची तो आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. तो या बंदुकीचा, या दारूचा आणि या गोळीचा आहे. दुसऱ्याच्या बंदुकीत तोच आकडा धोक्याचा ठरू शकतो. दारू बनवणाऱ्यांच्या पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करायची आणि थोडी थोडी वाढवत जायची. टोपी चपटी होऊ लागली, बोल्ट उचलायला जड गेला, की थांबून मागे यायचं. मी ते जुलैत केलं आणि सर्वांत वेगवान प्रमाण सोडून दिलं. त्याच्या अलीकडे एक टप्पा होता, जिथे दारू दशांश ग्रेन कमी-जास्त झाली तरी गोळ्या एकाच ठिकाणी पडत होत्या. शिकारीला मला तोच टप्पा हवा. नोव्हेंबरात पारा शून्याखाली पंधरा असेल, दारू जरा मंद जळेल, हात थरथरतील. एवढं सगळं सांभाळून घेणारं प्रमाण मला वेगापेक्षा मोलाचं वाटतं.

दुपारी १२.००

लेक शाळेच्या संघाचा सराव संपवून आली. ती बारा वर्षांची. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना इथे सहसा शिकार-शिक्षणाचा वर्ग पास केल्याशिवाय परवाना मिळत नाही. तो तिनं या वर्षी केला. आता तिचं काम म्हणजे वीस पुंगळ्या फळीवर उभ्या करून विजेरीनं आत डोकावणं. सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे.

"बाबा, ही जरा खाली वाटते."

काट्यावर घेतली. बरोबर निघाली, सावलीमुळे खाली वाटली होती. तरी मी तिला शाबासकी दिली, आणि पुढच्या वेळीही असंच थांबव म्हणून सांगितलं.

मग गोळ्या बसवल्या. या गोळीमागे एक कथा आहे. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला होता. चिखलानं माखलेल्या त्या थोराड जनावरावर त्याच्या वेगवान गोळ्या वरच्या वरच फुटल्या, आत शिरल्याच नाहीत. घरी येऊन त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली. पुढचं शिसं फुलतं, भिंतीमागचं तसंच राहून आत जात राहतं. १९४८ पासून ती पार्टिशन नावानं विकली जाते.

शिशाचा प्रश्न मात्र मला छळतो. गोळीचे बारीक कण रानात मागे सोडलेल्या आतड्यांच्या ढिगात राहतात, गरुड आणि डोमकावळे ते खातात. कॅलिफोर्नियानं २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. माँटानात तसं बंधन नाही. मी तो ढीग दगडांखाली गाडतो, पण ते पुरेसं नाही. पूर्ण तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब होते, तिच्यासाठी सगळी मेहनत पहिल्यापासून करावी लागेल. जानेवारीत ती सुरू करणार आहे.

दुपारी २.३०

नेमबाजीचं मैदान. शेजारचे आजोबा सोबत आले. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, मला हे सगळं त्यांनीच शिकवलं. पाच काडतुसं चाचणीची, पंधरा राखून ठेवायची. कानांत बोळे, डोळ्यांवर चष्मा.

पहिला बार थंड नळीतून. शिकारीत मोजला जातो तो हाच, कारण तिथे नळी तापवायला कोणी वेळ देत नाही. तो शंभर यार्डांवर ठरल्या जागी, मध्याच्या दीड इंच वर लागला. पुढचे दोन, मध्ये नळी थंड होऊ देऊन, त्याच्या इंचभर आसपास. वेग सेकंदाला २,७०० फुटांच्या जवळपास, तिन्हींत फारसा फरक नाही. उरलेल्या दोन गोळ्या मी टेकूशिवाय, बसून झाडल्या. त्या चार इंचांनी फाकल्या.

आजोबा दुर्बिणीतून बघत म्हणाले, "काडतुसं ठीक आहेत. आता महिनाभर स्वतःवर मेहनत घे."

खरं आहे. एल्कचं काळीज आणि फुफ्फुसं मिळून परातीएवढी जागा. काडतूस इंचभरात मारतं, पण धापा टाकत चढून आलेला मी मारत नाही. म्हणून तीनशे यार्डांपलीकडे गोळी झाडायची नाही असं ठरवलंय.

मग राखलेली पंधरा काडतुसं, नळी मातीच्या बांधाकडे ठेवून, एकेक करून आत चढवली आणि बाहेर काढली. चौदा सहज बसली. एकाला बोल्ट शेवटी किंचित जड गेला. बसलं असतं. आजोबांनी काही न बोलता हात पुढे केला आणि ते वेगळ्या खिशात टाकलं.

संध्याकाळी ६.००

घरी येऊन नळी पुसली. ते काडतूस उकललं, गोळी काढली, दारू बागेत पसरली. डब्यावर लेकीनं अक्षर जुळवून लिहिलं: तारीख, गोळी, दारू, वजन, चौदा.

रात्री ८.३०

सावंतवाडीत सकाळचे आठ. आप्पा दुकान उघडायच्या तयारीत. त्यांनी आयुष्यात जनावर मारलं नाही, आणि मी मारतो हे त्यांना आवडत नाही. तसं त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. आज दिवसभर काय केलं ते मी सांगितलं. ते ऐकत राहिले.

"काटा शून्यावर येत होता ना रे?"

"हो आप्पा. दर पाचाला बघितला."

"दर तिनाला बघ," ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.