नळाच्या पाण्याने शिकवलेला धडा

प्रश्नपत्रिका हाती पडताच छाती धडधडू लागते. या धडधडीमागील एक रहस्य शंभरावर वर्षांपूर्वी चक्क नळाच्या पाण्यामुळे उलगडले!

लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणावर चालते ठेवीत. १८८२ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. पुढे कळले, की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे नसून नळाच्या पाण्याचे होते. ऊर्ध्वपातित पाणी घेताच हृदय मंदावून थांबले! नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते. रिंगरनी १८८३ मध्ये आपली चूक स्वतःच जाहीर केली.

हे कॅल्शियम करते काय? हृदयाच्या स्नायुपेशीत मोकळे कॅल्शियम आयन फारच थोडे. बाहेर त्यांचे प्रमाण सुमारे १०,००० पट. पेशीपटलाचा विद्युत्‌दाब बदलला, की पटलातील दारे उघडून थोडे कॅल्शियम आत येते. ते पेशीतील कोठारे उघडते, मोठा साठा बाहेर पडतो आणि स्नायू आकुंचन पावतो. लगेच पंप कॅल्शियम परत भरतात, स्नायू सैलावतो.

भीती वाटली, की ॲड्रेनॅलीन रक्तात येते. ते पेशीत शिरत नाही. बाहेरूनच दारावर थाप देते. आत चक्रीय एएमपी हा दुसरा निरोप्या तयार होतो. त्याच्या शोधाशी निगडित कार्यासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या निरोपामुळे कॅल्शियम अधिक सुटते, पंपही जलद चालतात. ठोका जोरदार होतो, आणि लवकर संपतोही.

विद्यार्थीमित्रहो, प्रयोगवहीत उत्तर जुळले नाही, तर आकडे खोडू नका. आधी पाणी कोठले होते, ते पाहा!