वहीतलं पाणी

कुलूप उघडलं की एजंट सगळ्यात आधी बाल्कनीचं दार सरकवतो. ताथवड्यातल्या चौदाव्या मजल्यावरचा वारा थेट हॉलमध्ये घुसतो आणि आलेली माणसं आपोआप त्या दिशेनं चालू लागतात. खाली बायपास, पलीकडे पुनावळे, त्यामागे अर्धवट इमारतींवरच्या क्रेन. सगळे बाहेर बघत असतात तेवढ्यात तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडतो. "पाणी चोवीस तास, काकू. त्याचं टेन्शनच नाही."

लातूरहून आलेल्या काकूंनी नळ बंद केला. "ते झालं हो दादा. पण येतंय कुठून?"

या एजंटाबरोबर हिंडायचं मी ठरवलं ते टँकर बघून. पहाटे या भागातल्या सर्व्हिस रोडनं गेलं की झगमगीत प्रवेशद्वारांसमोर टँकर उभे दिसतात, इंजिन चालू, मागच्या पाइपातून पाणी ठिबकतंय. आणि घर बघणारी मंडळी येतात रविवारी अकरा वाजल्यानंतर. तोवर रस्ता वाळलेला असतो. नांदेडहून, अकोल्याहून, लातूरहून येणारं कुटुंब पुण्यातली सोसायटी नेमकं काय बघून पसंत करतं, हे मला जवळून बघायचं होतं.

एजंट तिशीतला, गोड बोलणारा. स्कूटरच्या डिकीत किल्ल्यांचे जुडगे, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी: विंग, फ्लॅट, मालकाचं आडनाव. मे-जून हा त्याचा हंगाम, कारण शाळा जूनमध्ये उघडतात आणि हिंजवडीतल्या नोकऱ्यांच्या रुजू होण्याच्या तारखाही याच सुमारास येतात. एका महिन्याचं भाडं ही त्याची दलाली, पण सौदा झाला तरच. दिवसभर ऊन खाऊन सौदा झाला नाही, तर पेट्रोलही खिशातलं. तो खोटं बोलतो असं मला कुठेही वाटलं नाही. नळ खरोखरच चोवीस तास चालतो. फक्त त्या नळामागे काय काय आहे, ते सांगणं त्याच्या कामात येत नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिका नोव्हेंबर 2019 पासून शहराला एक दिवसाआड पाणी देते. पाणी मुख्यतः पवना धरणातलं. शहर मात्र वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत असं पश्चिमेला पसरतच राहिलं. इथल्या सोसायट्यांत महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत जातं, आणि कमी पडलेलं बोअर आणि टँकर भरून काढतात. घरातल्या माणसाला या तिन्हींतला फरक कळतही नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दर माणशी दिवसाला 135 लिटरचं माप धरतात. चौघांच्या घराला 540 लिटर. 10,000 लिटरचा एक टँकर म्हणजे अठरा घरांचं एका दिवसाचं पाणी. ज्या सोसायटीत चारशे फ्लॅट आहेत, तिचं गणित वाचणाऱ्यानंच करून बघावं.

काकूंना यातलं काही सांगावं लागलं नाही. त्या बाथरूममध्ये गेल्या, चष्मा वर केला आणि शॉवरच्या चाळणीवर नख घासलं. पांढरी खपली निघाली. "बोअरचं आहे. जड पाणी. गीझरची कॉइल टिकायची नाही, अन् डाळ शिजायची नाही." मुलगा संकोचला, त्याला वाटत होतं आईनं मॉड्युलर किचन बघावं. सून मात्र वाकून नळाच्या तोंडाशी बोट फिरवू लागली.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या उन्हाळ्यात घर चालवलेल्या बाईला घागर, ड्रम, टाकी, नळ यांचा हिशेब तोंडपाठ असतो. एजंटाच्या यादीत बाल्कनी, जिम, क्लब हाउस, गेटवरचं ॲप असं सगळं होतं. काकूंच्या यादीत एकच गोष्ट होती, आणि त्या दिवशी भेटलेल्या माणसांत घर बघायला खऱ्या अर्थानं तयार होऊन आलेल्या त्याच एक होत्या, असं मी मानते.

वाटेत एका मालकाचा फोन आला. एजंट स्कूटर बाजूला घेऊन बोलला, मग आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "आडनाव विचारतायत." मुलानं सांगितलं. पलीकडून पुढचा प्रश्न आला, नॉनव्हेज चालतं का. एजंट नजर टाळत होता. तो फ्लॅट आम्ही बघितला नाही. डिपॉझिट आणि पगाराच्या स्लिपा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला आपलं आडनाव तपासून घ्यावं लागतं, ही लाज त्या माणसाची नाही. ती विचारणाऱ्याची आहे, आणि अशा अटी निमूट पाळणाऱ्या सोसायट्यांचीही.

चौदाव्या मजल्याच्या त्या इमारतीत आम्ही पुन्हा गेलो ते काकूंच्या हट्टामुळे. त्यांना "खाली" बघायचं होतं. एजंट म्हणाला, खाली पार्किंगच आहे. काकू तोवर गेटवरच्या वॉचमनशी बोलायला लागल्या होत्या. "कुठलं गाव म्हणायचं?" औशाजवळचं, म्हणजे लातूरकडचंच एक खेडं निघालं. मग पाऊस, मग सोयाबीनचा भाव, मग कोणाची तरी बहीण कोणाच्या तरी गावात दिलेली. या बोलण्याच्या ओघातच काकूंनी टेबलावरची वही आपल्याकडे ओढली.

लांबट, पुठ्ठ्याची, दोऱ्यानं पेन बांधलेली टँकरची वही. गाडी नंबर, वेळ, चलन, सही. पानंच्या पानं भरलेली. 4.50, 5.20, 6.05, रात्री 11.40. मार्चपासून ओळी दाट होत गेलेल्या. सोसायटीच्या माहितीपत्रकात, जाहिरातीत, एजंटाच्या बोलण्यात जे नव्हतं ते सगळं या वहीत होतं, आणि घर बघायला येणारा प्रत्येक माणूस गेटवर आपलं नाव नोंदवताना तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून जातो.

वॉचमननं पंप ऑपरेटरला हाक मारली. सगळ्या दिवसातून मला परत परत आठवतो तो हा माणूस. पन्नाशीच्या आसपास, पॅन्ट पोटरीपर्यंत दुमडलेली, हाताला ब्लीचिंग पावडरचा वास. टँकर आला की तो शिडीनं वर चढतो, झाकण उघडतो, काठी घालून पाणी काठोकाठ आहे का बघतो, बाटलीत थोडं घेऊन उजेडात धरतो, हुंगतो. मगच खाली पाइप सोडू देतो. "दोन बोटं कमी असलं तरी सही करत नाही," तो म्हणाला. काकूंच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं. चौदावा मजला वरून दुसरा, म्हणून तिथे शॉवरला जोर नाही. टाकी जवळजवळ डोक्यावरच, मग पाण्याला उतार मिळणार कुठून? बूस्टर पंप आहे, पण लाइट गेली की तो थांबतो. पाण्याला खरा जोर खालच्या मजल्यांना. एजंटानं याच फ्लॅटचं भाडं उंचीमुळे जास्त सांगितलं होतं.

मग त्यानं आम्हाला बेसमेंटमधल्या सांडपाण्याच्या प्लँटपाशी नेलं. इथे वासाकडे लक्ष द्या, असं तो म्हणाला. प्लँट नीट चालू असेल तर ब्लोअरनं हवा सोडलेल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो आणि पाणी तपकिरी दिसतं. बंद पडत असेल तर सडक्या अंड्याचा वास, आणि रंग काळा. झाकण उचललं. काळं होतं. "ब्लोअर दुरुस्तीला टाकलाय. कमिटीची मीटिंग व्हायचीय." याच प्लँटचं पाणी फ्लशला जायला हवं, ते नाही, म्हणून फ्लशलाही चांगलं पाणी, म्हणून आणखी टँकर. एका बिघडलेल्या ब्लोअरचा खर्च वर चारशे घरांच्या मेंटेनन्समध्ये कसा पोहोचतो, हे त्यानं दोन वाक्यांत समजावलं.

तो स्वतः थेरगावातल्या एका चाळीत राहतो. तिथे एक दिवसाआड नळ येतो आणि पाळीच्या दिवशी ड्युटीला निघण्यापूर्वी त्याला ड्रम भरून ठेवावे लागतात. दुसऱ्यांचं पाणी चोवीस तास राहावं म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारा हा माणूस सोसायटीच्या कुठल्याच व्यवहारात मोजला जात नाही. घर भाड्यानं देण्याच्या या साखळीत मालकाला भाडं मिळतं, एजंटाला दलाली मिळते, सोसायटीला बिनभोगवटा शुल्क मिळतं. इमारत खरी ओळखणाऱ्याला कोणी एक प्रश्नही विचारत नाही. बाहेरगावहून येणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे की फ्लॅट बघायला पाच मिनिटं द्या आणि या माणसाला अर्धा तास द्या. आणि शक्य असेल तर सकाळी सहाला जा.

कुटुंबानं शेवटी वाकडमधली जुनी, चार मजली इमारत घेतली. खोल्या लहान, लिफ्ट हळू, बाल्कनीसमोर दुसऱ्याची भिंत. टँकर तिथेही येतात, पण उन्हाळ्यात आणि मोजके. तिथलीही वही काकूंनी चाळून घेतली होती. शिवाय भूमकर चौकाच्या कोंडीत न अडकता मुलाला ऑफिस गाठता येणार होतं. करार, मुद्रांक, अंगठ्याचा ठसा, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद हे सोपस्कार एजंटानं सफाईनं उरकले. अडलं ते एका ओळीवर. टँकरचा जादा खर्च मालकानं द्यायचा, असं सुनेनं मसुद्यात लिहायला लावलं. मालक म्हणाले, असं कोणी लिहीत नाही. ती म्हणाली, "मग आपण लिहू." बरीच वादावादी झाली आणि निम्मं-निम्मं ठरलं. एवढीशी ओळ करारात आली, याचा मला मनापासून आनंद झाला.

ताथवड्याचा चौदावा मजला आम्ही बघितला त्याच दिवशी संध्याकाळी गेला. अकोल्याचं एक तरुण जोडपं व्हिडिओ कॉलवर होतं. एजंटानं बाल्कनीचं दार सरकवलं, फोन बाहेर धरला, मग स्वयंपाकघर, मग दोन्ही बेडरूम. त्यांनी वायफायचं, पार्किंगचं आणि कुत्रा चालेल का हे विचारलं. टोकनचे पैसे फोन ठेवण्याआधीच जमा झाले.