वायूपासून आम्ल

खामगावात चैत्र-वैशाखात ईथर उकळण्यास विस्तव लागत नाही. त्याचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश, बाहेरचा पारा चाळिशीच्या पुढे, आणि शीतनळीतून फिरणारे पाणी गच्चीवरच्या टाकीत आधीच तापलेले. पावसाळ्यात हवा दमट, आणि दमटपणा तर या प्रयोगाचा हाडवैरी. म्हणून कार्बन डायऑक्साइडपासून बेंझोइक आम्ल करण्याचा मुहूर्त येथील महाविद्यालयात पौषातल्या कोरड्या सकाळी धरला जातो, आणि तो धरणाऱ्या प्राध्यापकांच्या व्यवहारज्ञानाचे मला कौतुक वाटते.

व्हिक्टर ग्रीन्यारने १९०० साली प्रसिद्ध केलेली आणि त्याला १९१२ चे नोबेल मिळवून देणारी ही कृती कागदावर दोन ओळींची आहे. प्रत्यक्षात निम्माअधिक वेळ वाळवण्यातच जातो. चंबू भट्टीत तापवून घेतलेले, मॅग्नेशियमची फीत पॉलिशकागदाने घासून चकचकीत केलेली, नळीच्या तोंडाशी कॅल्शियम क्लोराइडचा पहारा, आणि एवढा बंदोबस्त करूनही पाण्याचा अंश आत शिरलाच तर ईथरात मॅग्नेशियम आणि ब्रोमोबेंझीनपासून तयार झालेला अभिकर्मक मुकाट्याने बेंझीन होऊन बसतो व पुढे येणाऱ्या वायूकडे ढुंकूनही पाहत नाही. ब्रोमोबेंझीनचे थोडे थेंब आणि आयोडीनचा एक कण टाकल्यावर बराच वेळ काहीच घडत नाही, मग आयोडीनचा रंग उडतो, द्रव गढूळ होतो, आणि कोणीतरी ओरडतो, "सर, उकळी सुटली ना!"

कोरडा बर्फ हाताशी असता तर अभिकर्मक त्यावर ओतून काम उरकले असते. येथे किपच्या उपकरणात संगमरवराच्या तुकड्यांवर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून वायू काढतात, बायकार्बोनेटच्या द्रावणात धुतात, तीव्र गंधकाम्लातून शुष्क करतात आणि मीठ घातलेल्या बर्फात बसवलेल्या चंबूत सोडतात. यात एक उणीव आहे: वायू हळूहळू येत असल्याने सुरुवातीला अभिकर्मकच वरचढ असतो, तो नुकत्याच बनलेल्या क्षारावरही तुटून पडतो, आणि आम्लाऐवजी बेंझोफिनोन व ट्रायफिनाइल कार्बिनॉल पदरी पडतात.

याच जिल्ह्यात लोणारच्या सरोवराने कार्बन डायऑक्साइड सोड्याच्या रूपाने साठवला आहे, आणि अकबराच्या अमदानीत ‘ऐन-ए-अकबरी’त तेथील काच व साबण यांच्या सामग्रीची नोंदही झाली, पण सोड्यावर आम्लाचा थेंब पडताच वायू फसफसून मोकळा होतो. बेंझोइक आम्लात मात्र तो कार्बनाला कार्बन जोडून बसलेला असतो, आणि सोडालाइमबरोबर खरपूस तापवल्याशिवाय सुटत नाही. युरोपात सोळाव्या शतकापासून हे आम्ल लोबान तापवून काढीत. आमच्या चंबूत त्यातला कार्बन डायऑक्साइड संगमरवरातून आला, हा फरक मला मोठा वाटतो.

पुढचे काम सरावाचे. विरल आम्ल, ईथर, मग कॉस्टिक सोडा. ईथरच्या थरात राहिलेले बायफिनाइल बाजूला, आणि पाण्याच्या थरात पुन्हा आम्ल टाकताच पांढरा साका. गरम पाण्यातून स्फटिक काढल्यावर द्रवणांक १२२ अंशांना यावा लागतो. एका गटाचा नमुना ११६ वरच वितळू लागला, तेव्हा सरांनी तो परत करून पुन्हा स्फटिकीकरण करावयास सांगितले.